वाटी रिकामी परत देऊ नये

१३ जानेवारी, शनिवार

पोचले एकदाची काशीला! गाडी पाच तास लेट. स्वतः रेल्वेची नोकर असल्यामुळे रेल्वेला शिव्याही देता येईनात. रामघाटाच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, म्हणून दोन बॅगा, कुकर आणि गादीची वळकटी असं बिऱ्हाड हमालाच्या डोक्यावर देऊन चालत आले. पण खोली पाहिली आणि शीण पळाला. दुसरा मजला, नवा रंग, स्वयंपाकाला वेगळी जागा, पूर्वेच्या खिडकीतून गंगेचा हातभर तुकडा. इथल्या चौकशी खिडकीवरच्या रुचीशी मी म्युच्युअल बदली केली. ती भुसावळला माझ्या खुर्चीवर, मी इथे तिच्या खुर्चीवर. ही खोलीही तिचीच. "भाडं नाममात्र, माणसं देव आहेत," असं तिने फोनवर सांगितलं होतं. आदित्यशी काडीमोड झाल्यावर त्याच कॉलनीत, त्याच भाजीवाल्यापाशी त्याच्या आईला रोज भेटायची मला हौस नव्हती. मुक्ताची चौथीची परीक्षा झाली की एप्रिलात तिलाही आणायचं. तोवर ती माझ्या आईपाशी आहे.

मालक ढुंढिराजकाका वेदपाठशाळेत शिकवतात. विद्युल्लताकाकू दुपारी आठदहा निराधार बायकांना जेवू घालतात. मुलगा शार्दूल वकील आहे आणि खोटं बोलत नाही. तरी त्याची वकिली चालते म्हणे! सहा पिढ्या इथे गेल्यामुळे यांच्या मराठीत निम्मी हिंदी असते.

आल्या आल्या तिघं वर आले. काकूंच्या हातात काशाची वाटी, वाटीत तिळाचं तेल. आधी तिघांनी एकेक करून वाटीत तोंड पाहिलं. मग काका म्हणाले, "देवश्री बेटा, आम्हा तिघांचं जे काही वाईट आहे, ते सगळं यात आहे. तू राजीखुशीनं डोक्यावर घे. घेतलं म्हण." मला हसूच आलं. काशीतली माणसं पाहुण्याला चहासुद्धा मंत्र म्हणून देत असतील. पण वडीलधाऱ्यांनी दिलेलं नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. "घेतलं," म्हटलं. थंडीने केसांचा झाडू झालाच होता. तेल चोळून कढत पाण्याने न्हाले आणि वाटी घासून, चमचाभर साखर घालून परत दिली. कुणाची वाटी रिकामी परत देऊ नये, ही आईची शिकवण, आणि मुक्तालाही मी तीच दिली आहे. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. चमचाभर साखरेला!

२० जानेवारी, शनिवार

संक्रांतीला काकूंनी वाण म्हणून तीच वाटी मला देऊन टाकली. आता दर शनिवारी सकाळी त्या येऊन तिच्यात तेल ओततात, तिघं तोंड पाहतात, मी "घेतलं" म्हणते. इतके लाड आईनेही केले नाहीत.

हे घर म्हणजे नवलच आहे. आठ दिवसांत कुणाचा आवाज चढलेला ऐकला नाही. समोरच्या माणसाने यांच्या दारात कचरा टाकला, तर काकांनी तो उचलला आणि त्याला बरं नाही का म्हणून चौकशी करून आले. अति तिथे माती म्हणतात, पण इथे मातीसुद्धा दिसत नाही.

स्टेशनवर मात्र रुचीचं नाव काढलं की सगळे कामाचं निमित्त काढून उठतात. एकजण म्हणाला, वो तो नागिन थी, मॅडम. इकडे आई फोनवर सांगते की रुचीसारखी गुणी मुलगी पाहिली नाही, रविवारी येऊन मुक्ताचा अभ्यास घेते. माणूस गाव बदलल्यावर इतकं बदलतं?

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक गोष्ट झाली. लिहू की नको असं वाटलं, पण रोजनिशीशी लबाडी करण्यात काय अर्थ.

एक म्हातारा खिडकीशी आला. मुलगा गेला होता, अग्नी द्यायला गावी पोचायचं होतं, गाडी कुठे लागली म्हणून विचारत होता. गाडी एक नंबरवर उभी होती, मला चांगलं ठाऊक होतं. मी "नऊ" म्हटलं. तो पुलाच्या पायऱ्या चढून धावत गेला. एक नंबरवरून गाडी सुटली तेव्हा तो नऊ नंबरवर उभा असलेला मला कॅमेऱ्यात दिसला. मी चूक केली नव्हती. मला ते पाहायचं होतं, आणि पाहताना बरं वाटलं. जेवणही नेहमीपेक्षा जास्त गेलं.

असं मी आयुष्यात कधी केलं नाही. थकवा असेल.

२ मार्च, शनिवार

थकवा नाही. गेल्या महिन्याभरात मी अकरा जणांना खोटं सांगितलं. गल्लीतल्या कुत्रीच्या पिलांना मी काय केलं, ते इथे लिहीत नाही.

आज वाटी घ्यायच्या आधी काकांना स्पष्ट विचारलं, हे तेल आहे तरी काय? ते जराही बावरले नाहीत. म्हणाले, "बेटा, पहिल्याच दिवशी तर सांगितलं होतं." दिवा लावला की काजळी धरणारच, ती कुठेतरी धरू द्यावी लागते, म्हणून त्यांच्या पणजोबांपासून वरच्या खोलीत कुणीतरी असतं. तुझ्या आधी रुची होती, म्हणाले. माझा हात हातात घेऊन ते रडले, काकू रडल्या. आजाऱ्यासाठी रडावं तसं. लाज मात्र तिघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर नव्हती. नंतर माझ्या लक्षात आलं, लाज वाटायला आत थोडं तरी वाईट असावं लागतं. यांच्यात ते औषधालाही उरलेलं नाही. म्हणून आपण काय करतो आहोत हे यांना कधीच दिसणार नाही.

मी वाटी घेतली नाही. सरळ ड्यूटीवर निघून गेले.

६ मार्च, बुधवार

आनंदीबाई आंधळ्या आहेत. दुपारी काकूंकडे जेवायला येतात. आज जेवण झाल्यावर काकूंनी त्यांना हाताला धरून घाटाच्या पायऱ्यांपर्यंत नेलं, त्यांची काठी काढून घेतली आणि वरच्या पायरीवर बसून पाहत राहिल्या. मी खिडकीतून पाहिलं. काकू हसत होत्या. मी ओरडत खाली पोचेपर्यंत आनंदीबाई पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं.

संध्याकाळी शार्दूलच्या खोलीतून काकांच्या किंकाळ्या ऐकू आल्या. दार आतून बंद होतं.

एक वाटी चुकली तर चार दिवसांत हे झालं. मग मीच वाटी घेऊन खाली गेले. तेल मीच ओतलं. तिघांनी तोंड पाहिलं. "घेतलं" म्हटलं. काकू लगेच आनंदीबाईंकडे इस्पितळात धावल्या आणि रात्रभर त्यांच्या उशाशी बसून राहिल्या.

मी काय करायला हवं होतं? कुणी सांगेल का?

१६ मार्च, शनिवार

रुचीला फोन केला. ती खोटं बोलली नाही, आता तिला खोटं बोलताच येत नाही. चार वर्षं तिने सांभाळलं. खोली सोडून पाहिली, ते बरोबर आलं. तेल गंगेत ओतून पाहिलं, काही झालं नाही, कारण एकदा घेतलं की ते तेलात राहत नाही. सुटायला एकच रस्ता आहे. आपण वाटीत तोंड पाहायचं आणि दुसऱ्या कुणीतरी राजीखुशीनं ते तेल डोक्यावर घ्यायचं. मी येण्याच्या आदल्या दिवशी तेल भरलेल्या त्याच वाटीत स्वतःचं तोंड पाहून ती निघाली होती. माफ कर, म्हणत ढसाढसा रडत होती. मग म्हणाली, मुक्ता छान गणितं करते गं.

माझ्या जागी कुणी आणू? बदलीची जाहिरात टाकली. कानपूरच्या एका बाईचं उत्तर आलं, कडेवर सहा महिन्यांचं मूल. मी जाहिरात काढून टाकली. एवढं तरी माझ्यात अजून शिल्लक आहे, हे लिहून ठेवते.

२९ मार्च, शुक्रवार

मुक्ताचा फोटो बघितला. शेजाऱ्याच्या पोरीचा असावा तसा वाटला. तासभर बघत बसले. काही म्हणजे काही वाटलं नाही.

रडूही आलं नाही. रडू यायला हवं होतं, एवढं कळतं.

५ एप्रिल, शुक्रवार

आईला फोन लावला. मुक्ताला पाठवू नकोस, हे वाक्य कागदावर लिहून समोर धरलं होतं. तोंडातून निघालं, "लवकर पाठव गं, करमत नाही तिच्याशिवाय." किती गोड आवाज होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मेसेज लिहिला, पाठवल्यावर पाहते तर भलताच. फक्त या वहीत माझा हात अजून माझा आहे. का, ते ठाऊक नाही.

काकांना म्हटलं, तुम्ही फोन करा. त्यांनी केला. देवश्रीत आता आमचं वाईट आहे, मुलीला पाठवू नका, असं खरं खरं सगळं सांगितलं. आई खूप हसली. म्हणाली, किती विनोदी आहेत गं तुझे काका! वह्या-दप्तर भरून झालंय तिचं.

पहिल्या दिवशी मीही अशीच हसले होते.

१२ एप्रिल, शुक्रवार

सुमंत, माझा भाऊ, मुक्ताला सोडून लगेच परत गेला. त्याला थांबवायला तोंड उघडलं तर "जा बिनधास्त" म्हणाले.

ती गळ्यात पडली. मी तिचं वजन मोजत होते. उचलून खिडकीबाहेर धरता येईल का, एवढंच—

पुढे लिहीत नाही.

१३ एप्रिल, शनिवार. सकाळी सात

वेणी घालताना हात तिच्या गळ्याशी गेले. मी दार लावून इकडे येऊन बसले. डावा हात मांडीखाली दाबलाय, उजव्यात पेन आहे. तोंडात पदराचा बोळा. बोलले तर माझ्यातलं ते बोलेल.

काकू वाटी घेऊन आल्या होत्या. त्या तिघांनी पाहिलं. मग माझी मान धरल्यासारखी खाली गेली आणि मीही पाहिलं. माझंच तोंड. मी "घेतलं" म्हटलं नाही. नाहीच म्हटलं. वाटी पलीकडे ओट्यावर आहे, भरलेली—

मुक्ता पलीकडेच आहे.

आणि मला हे माहीत आहे. तिने ती घेतली तर मी सुटेन. मला तिची माया वाटायला लागेल. नाही घेतली तर दुपारपर्यंत माझे हात—

नको. सुटायचं नाही मला. समोरच्या घरी पळ म्हणावं तिला. पण बोलता येत नाही. इथे लिहिते, पान फाडून दाराखालून सरकवते—

मुक्ता वाटीला हात लावू नकोस
मुक्ता घराबाहेर पळ मागे बघू नको आई वा

बाहेरचं दार वाजतंय. काकांचा आवाज. तिला समजावून सांगताहेत, नेहमीसारखं सगळं खरं खरं—

ती आत आली. केस तेलाने चपचपीत, कानामागून ओघळ.

म्हणाली, "आई, तुझं वाईट मी घेतलं. आजोबा म्हणाले तू आजारी आहेस. आता तू बरी होशील ना?"

म्हणाली, "साखरेचा डबा कुठे आहे? वाटी रिकामी कशी द्यायची?"

आणि मला एकदम, किती दिवसांनी, पोटातून— माझं लेकरू, किती वाळलंय, मामाने खाऊ घातलं की नाही, डोळ्यांतून पाणी थांबत नाही, माझे हात माझे आहेत, माझं तोंड, मी बोलू शकते, मुक्ता, बाळा, पुसून टाक ते, मला परत दे, मी घेते, मुक्ता—

ती हसते आहे. अशी ती कधी—