कवळी आणि कुटुंब सप्ताह

४ मे, रविवार

आजपासून मंडळीत ख्रिस्ती कुटुंब सप्ताह. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं की समारोपाच्या रविवारी 'घर हीच पहिली शाळा' या विषयावर साक्ष, म्हणजे स्वतःच्या अनुभवाचे चार शब्द, मी द्यायची आणि शास्त्रपाठ आमच्या सासूबाईंनी वाचायचा. माझी निवड अपेक्षितच होती. आईंची का, कळलं नाही. बहुधा वयामुळे. सासरे होते तोवर या रविवारचा पाठ तेच वाचत. खडकीच्या घरापर्यंत रिक्षात आई नुसत्या डोळे पुसत होत्या.

संकल्प : रोज घरातल्या एका साध्या गोष्टीतून एक धडा शोधायचा. आपण डोळे उघडे ठेवले की घर बोलतं. (वाक्य साक्षीत घेणे.)

५ मे, सोमवार

डोळे उघडे ठेवले. समोर नवरा, विश्वजीत, पायाची नखं कापत होता. एक उडून माझ्या बशीत पडलं. शिसारी. तरी काही बोलले नाही. म्हणजे फारसं नाही. तो म्हणाला, साक्षीत घाल, माझी हरकत नाही. फॅक्टरीत दारूगोळा सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःची नखं सांभाळता येत नाहीत.

धडा : सहनशीलता. (माझी.)

६ मे, मंगळवार

बाथरूमच्या जाळीत सलोमीच्या केसांचा गुंता. ओला, गिळगिळीत. मुलगी इंजिनिअरिंगला, पण जाळी उचलता येत नाही. तिला म्हटलं, स्वच्छता ही सुद्धा भक्तीच. ती म्हणाली, मग आज तुझी बरीच भक्ती झाली, मम्मी.

धडा : नम्रता. (तिला शिकवायला हवी.)

आई दुपारभर आतल्या खोलीत पाठ म्हणत होत्या. बारीक अक्षर दिसत नाही म्हणून सगळा उताराच तोंडपाठ करताहेत. शब्द नीट कळतात ना, असं मला तीनदा विचारलं. कळतात. पण प्रत्येक ओळीमागे कवळीची टकटक. ऐकवत नाही.

७ मे, बुधवार

आंबे. रेषे अडकले म्हणून आईंनी जेवता जेवता टेबलावरच कवळी काढली. माझ्या ताटाशेजारी. गुलाबी हिरड्या, त्यात पिवळे धागे. घास तोंडातच फिरला. मी उठून गेले नाही, हे इथे नोंदवून ठेवते. नंतर विश्वजीतला सांगितलं, तर म्हणे, बेसिनपर्यंत जायला तिचे गुडघे साथ देत नाहीत, माहीत आहे ना तुला. माहीत आहे. पण किळसेला गुडघे कळत नाहीत.

धडा : डोळे मिटूनही प्रेम करता येतं. (फारच छान. शेवटी घेणे.)

८ मे, गुरुवार, सकाळी

संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनासभा, भगिनी मंडळ येणार. मी पहाटेपासून घर घासतेय. नाश्त्याला पुन्हा आंबा. टेबलावर चुरगळलेला पेपर नॅपकिन, त्यातून पिवळा ओघळ. उघडून बघवेना. दोन बोटांत धरला आणि ओल्या कचऱ्यात टाकला. कचरेवाली इंदुबाई खाली हाका मारतच होती, बादली देऊन आले. मन प्रसन्न.

दुपारी

आईंची कवळी सापडत नाही.

थोड्या वेळानं

त्या म्हणतात, नॅपकिनमध्ये गुंडाळून टेबलावर ठेवली होती. सलोमी पलंगाखाली वाकली. विश्वजीतनं फ्रीजही उघडून पाहिला.

मी काही बोलले नाही. नॅपकिन अनेक असतात. खात्री नसताना बोलणं म्हणजे असत्यच.

कोपऱ्यावर जाऊन इंदुबाईला विचारलं, सकाळचा कचरा कुठे जातो. ती म्हणाली, गाडी कधीच गेली, काय हरवलं का ताई? म्हटलं, काही नाही, आपलं जनरल नॉलेज. ती म्हणाली की सोन्याचं काही गेलं की सगळ्यांना असंच जनरल नॉलेज सुचतं.

९ मे, शुक्रवार

डेंटिस्ट म्हणतो, नव्या कवळीला दोन-तीन आठवडे लागतील. म्हणजे रविवार गेला.

सलोमीला म्हटलं, मांजरानं नेली असेल. ती म्हणाली, मांजर दात लावून आंबा खातं का? विश्वजीतनं विचारलं, टेबल कोणी आवरलं होतं? सगळ्यांनी मिळून, असं सांगितलं. एका अर्थी खरंच आहे. घर सगळ्यांचं आहे.

आईंना सांगायचं ठरवलंय, पण रविवारनंतर. आत्ता त्यांच्या मनाला त्रास होईल. गुरगुट्या भात करून वर तूप घालून दिला. माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. कृतज्ञता असावी.

धडा : योग्य वेळेची वाट पाहणे.

१० मे, शनिवार

साक्ष तयार. कवळीचा शोधही घातलाय : बायबलमधल्या नाणं हरवलेल्या त्या बाईसारखं आमचं कुटुंब दिवा लावून घर झाडतं. स्वतःलाच भरून आलं.

आई आज पाठ म्हणत नाहीत. आतली खोली गप्प. पोळ्या लाटताना दोनदा हात थांबले. टकटक ऐकू येते का, बघत होते.

११ मे, रविवार, संध्याकाळी

चर्चच्या दाराशीच आईंनी तोंडावर पदर धरून पाळकसाहेबांना सांगितलं की पाठ शर्मिला वाचेल. मी नको म्हटलं. एकदाच.

वाचला. मग साक्ष दिली. नाण्यापाशी दोघीतिघींनी डोळे पुसले. बाकावर परत येऊन बसले तर आईंनी माझा हात हातात घेतला. वाटलं, शाबासकी. पदराआडून, बोळक्या तोंडानं, पण एकेक शब्द कळेल असं म्हणाल्या,

"मी पलंगावरून बघत होते. दोन बोटांनी उचललास. वाटलं, धुवायला नेतेयस. गुरुवारपासून वाट बघतेय, तू सांगशील म्हणून."

तेवढ्यात गीत सुरू झालं. सगळे उभे राहिले. आईही उठल्या, माझ्याच हाताचा आधार घेऊन. पदर तोंडावरून काढला नाही. मीही गायले नाही.

आत्ता पाळकसाहेबांचा फोन आला होता, साक्ष मासिकासाठी लिहून द्या. तीच लिहायला बसलेय.

धडा :

सुचत नाही. समोर विश्वजीत नखं कापतोय, आज बिचारा कागद पसरून. शिसारी येतेय, पण नखांची नाही.

आई आतून विचारताहेत, उद्या आमरस करशील का, चावावा लागत नाही. करते म्हटलं.

गाळून कर, म्हणाल्या. आणि नॅपकिन देऊ नकोस.