आब्लामोसचे तीन तुकडे

२ जानेवारी
आजपासून स्पॅनिश. आमची पंपांची कंपनी स्पॅनिश बोलणाऱ्या देशात ऑफिस उघडतेय. एक्स्पोर्टमधून एकालाच पाठवणार. जूनमध्ये तिकडच्या मॅडम येऊन निवडणार. म्हणजे मलाच. मोठी सूटकेस घेऊन टाकली. बायको म्हणाली, अहो, आधी भाषा तरी येऊ दे. दूरदृष्टी तिच्या माहेरी कुणालाच नाही.

९ जानेवारी
वाक्यं घोकणं हे पोरांचं काम. मी क्रियापदाच्या मुळाशी जाणार. मूळ, मधला स्वर, शेवटचा प्रत्यय. एवढं जमलं की भाषा खिशात. तीन रंगांत तक्ता करायला घेतला.

२० जानेवारी
साडूलाही क्लासला नेलं. आमच्या एक्स्पोर्टमध्ये त्याला चिकटवला मीच, तेव्हा सोबतीला म्हणून. त्याची मजल क्लासच्या बाईंशी हवापाण्याच्या गप्पा मारण्यापर्यंत, त्याही चुकीच्या. तक्ता बघून म्हणाला, साडूभाऊ, तुम्ही म्हणजे चालतंबोलतं व्याकरण! गुणी माणूस.

११ फेब्रुवारी
दगा! 'आब्लामोस' म्हणजे 'आपण बोलतो'. मूळ आब्ल्, मग आ, मग 'आपण'वाला मोस. हिरवा, लाल, निळा रंगवून झाला आणि क्लासच्या बाई म्हणतात, बोलताना आ-ब्ला-मोस असं तोडायचं. म्हणजे मूळच फुटलं! अर्धं उठून शेजाऱ्याच्या घरात, मागे नुसता आ वासलेला. तक्ता पहिल्यापासून.
तो पुरा होईस्तोवर क्लास बंद. साडूनेही जायचं नाही, असं ठरलं. छातीवर हात ठेवून शब्द दिला त्याने.

६ एप्रिल
'जाणे' म्हणजे ईर. 'मी जातो' म्हणजे बोय. मूळ कुठाय? गेलं! तक्रार करायला हवी. पण कुठल्या भाषेत?

१९ मे
खालच्या मजल्यावर मेहुणीकडे रोज संध्याकाळी हसणं चालतं. बायकोही तिथेच. विचारलं तर म्हणाली, टीव्ही. टीव्ही स्पॅनिश बोलत होता. चांगली मालिका दिसतेय.

१० जून
मॅडम आल्या. हसून मला म्हणाल्या, आब्लामोस? लगेच ओळखलं! टेबलावर तीन टिचक्या मारल्या, मूळ वेगळं केलं, प्रत्यय सोडवला. त्या मला 'बोलूया का?' विचारत होत्या, हे लक्षात येईपर्यंत साडू त्यांच्याशी पावसावर बोलत होता. दोन चुका केल्या त्याने. मी मोजल्या. मॅडमनी मोजल्या नाहीत.

११ जून
निवड साडूची. त्याने एकही क्लास चुकवला नव्हता. संध्याकाळी दोघी बहिणी त्याच्याकडून स्पॅनिश बोलून घ्यायच्या. आमची ही! सख्खी बायको! वर म्हणते, तुम्ही तोंड उघडाल म्हणून किती वाट पाहिली हो. मग म्हटलं, घरातलं एक तरी माणूस जाऊ दे.
अबोला धरला. तिला दुपारपर्यंत कळलंच नाही.

२८ जून
साडू गेला. सूटकेस माझी. तळाशी बुटांखाली माझा तक्ता. कागद जाड आहे म्हणून हिनेच अंथरला. असू दे, तिकडे उपयोगी पडेल.
टॅक्सीतून तो स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडला. दोघी बहिणी खळखळून हसल्या. हिने तर त्याच भाषेत उत्तरही दिलं.
क्रियापद मी पकडलं. शेवटी मोस होता. म्हणजे 'आपण'.
त्यात मला धरलंय की नाही, ते तक्त्यात नव्हतं.