कालियाची चाल

श्रावण शुद्ध चतुर्थी, शके १७०७

उद्या नागपंचमी. सावकाराच्या ओसरीवर माझं कीर्तन — कालियामर्दन! सकाळपासून सापाच्या चालीचे शब्द घोळवतोय. वळवळत, सळसळत, नागमोडी, सुळकन... पण कृष्णाने तुडवलेला, घायाळ कालिया डोहातून निघतो, त्या चालीला एकही बसेना.

ही म्हणाली, "शब्द पुरे. यज्ञेश्वरभट येतील कीर्तनाला. त्यांच्या अनंतासाठी आपल्या आनंदीचं विचारा." विचारतो की! असं स्थळ दुसरं नाही.

पंचमी

काय करून बसलो मी!

नेमका त्याच जागी अडलो. तेवढ्यात यज्ञेश्वरभट उशिरा आले. घाटावर पडल्यापासून त्यांचा एक पाय ओढत येतो. बसलेल्या माणसांतून वाट काढत, अंग इकडून तिकडे टाकत निघाले — आणि माझ्या तोंडून गेलं, "हा पाहा, असा! सरपटत!"

ओसरी हसली. माझा झांजवालासुद्धा. ते मान खाली घालून खांबाशी बसले.

मला शेला मिळाला. आनंदीचं विचारायला तोंड उरलं नाही.

षष्ठी

ही वाढताना म्हणाली, "शेला पांघरून जेवा."

श्रावण वद्य द्वितीया

सावकाराकडे ब्राह्मणभोजन. कारकुनाने यज्ञेश्वरभट म्हणून पुकारलं, तर दोघे उठले. "तुम्ही नव्हे हो. ते — सरपटे!"

आणि ते "आलो" म्हणाले. आलो!

भाद्रपद शुद्ध अष्टमी

शनिवार पेठेत भाजीवालीही सरपट्यांचं घर म्हणते. मी रागावून म्हणालो, "सरपटे कोण? यज्ञेश्वरभट म्हण!" तर ती, "तुमीच ठेवलं न्हवं नाव, बुवा?"

त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. भेकड मेला!

कार्तिक वद्य पंचमी

अखेर गेलो. त्याच पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, "चुकलो. क्षमा करा." रडलोच.

ते सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "उठा. असे लोळू नका, बुवा. नाव पडेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दाराशी पोचलो, तेव्हा मागून आवाज — "मुलीची पत्रिका पाठवून द्या."

मार्गशीर्ष शुद्ध दशमी

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी शेजारणीनं आनंदीला थट्टेनं विचारलं, "आता कोणाची गं तू?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. खणखणीत म्हणाली, "सरपट्यांची!"