फटक्याची खिडकी

४ मार्च

पुन्हा हुकला! तोही साधा, सरळ, मधोमध आलेला चेंडू. आमच्या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममधला सगळ्यात बापुडा पिचर फेकतो तो. मी गप्पा मारत मारत मारायचे त्याला. आज बटण दाबत राहिले आणि दर वेळी बॅट उशिरा फिरली. चेंडू मागच्याच्या हातमोज्यात जाऊन बसला, मग माझी बॅट! वरातीमागून घोडं.

आमच्या ऑफिसच्या मॅडमना सांगितलं, खेळ फार अवघड झालाय, खिडकी वाढवू या.

ताईने परवाच विचारलं होतं, "तू दिवसभर ऑफिसात करतेस तरी काय?" म्हटलं, खिडकी उघडते आणि मिटते. चेंडू आल्यावर बटण दाबायला खेळणाऱ्याला जी सवलत मिळते ती खिडकी. खऱ्या मैदानाइतकी ठेवली तर पापणी लवायच्या आत सगळं संपतं, गिऱ्हाईक वैतागून खेळ बंद करतं. फार उघडली तर कुणीही उठावं आणि मारावं. किती ठेवायची ते माझ्या हातावरून ठरतं. म्हणून ऑफिसात मला 'काटा' म्हणतात, तराजूचा काटा. ताई म्हणाली, "आणि याचा पगार देतात?"

५ मार्च

पंचकाका आणि मॅडमची जुंपली. पंचकाकांनी उभा जन्म मैदानात पंचगिरी केली. आता आमचे सल्लागार. आवाज अजून मैदानातलाच.

"अहो, भलेभले खेळाडू दहात सात वेळा चुकतात! चुकणं हाच तर खेळ आहे! तुम्ही त्याचा पाळणा करून टाकलात, बसा आणि झोके घ्या!"

मॅडम थंडपणे म्हणाल्या, "काका, आमचं गिऱ्हाईक दिवसभर चुकूनच घरी येतं. घरी तरी एखादा लागू दे की बिचाऱ्याला."

एरवी मी काकांच्या बाजूची. खरेपणाची बाजू. आज म्हटलं — नाही काका, वाढवायलाच हवी.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे काटाच तिरपा झाला म्हणायचा!"

सगळे हसले. मीही हसले. 

७ मार्च

खिडकी वाढवली. तरी उशीरच.

८ मार्च

लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे!

बाबांचंही असंच सुरू झालं होतं. बाबा बस चालवायचे. एक दिवस घरी येऊन म्हणाले, गाडीचे ब्रेक उशिरा लागतात. डेपोत तक्रार केली. मेकॅनिकने चाकं उघडली, सगळं तपासलं, म्हणाला, "ब्रेक ठणठणीत आहेत." बाबा त्याच्याशी भांडले. दुसरी गाडी मिळाली. आठवड्याभरात तिचेही ब्रेक उशिरा लागायला लागले. मग तिसरीचे. मग एकदा सिग्नलला गाडी पुढच्या रिक्षाला जाऊन टेकली. नशीब, कुणाला लागलं नाही. त्या दिवशी घरी येऊन बाबा कितीतरी वेळ आपल्या पायाकडे बघत बसले होते.

पुढे हात गेला, चालणं गेलं, शेवटी बोलणं. डॉक्टरांनी आम्हा दोघी बहिणींना समोर बसवून सांगितलं होतं, हा आजार रक्तातून उतरतो. तुमच्यापैकी प्रत्येकीचं नाणं हवेत आहे. छापा की काटा, तपासणी करून कळेल. ताई ताडकन उठली. "मला नाही कळवून घ्यायचं. यायचा तेव्हा येईल, त्याला काय आमंत्रण द्यायचंय?" तिच्या मागोमाग मीही उठले. तिच्या मागोमागच सगळं करत आले आहे मी.

आणि परवा मॅडमना मी काय म्हणाले? खेळ अवघड झालाय.

ब्रेक उशिरा लागतात!

१० मार्च

दिवसभर स्वतःवर पाळत ठेवून आहे. चहा ओतताना. कुलपात किल्ली घालताना. जिन्यात पाय टाकताना. सदऱ्याची गुंडी पहिल्या खेपेला लागली नाही तर कपाळाला घाम फुटतो. किल्ल्यांचा जुडगा वर उडवून झेलते. झेलला की हायसं वाटतं, मग वाटतं आता उशिरा झेलला का? मग पुन्हा उडवते. शेजारच्या काकू दारातून बघत होत्या. काय समजल्या असतील देव जाणे.

ताईचा फोन. न राहवून विचारलं, "तुला काही जाणवतं का गं?"

"काय जाणवायचंय?"

"काही नाही. असंच."

"चिंगे, मन चिंती ते वैरी न चिंती. तोंड नको असं करूस. मला फोनवरूनही दिसतंय ते."

तिला सांगायला हवं होतं. जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

१२ मार्च

आज बैठक. आपापल्या टेबलावर सगळ्यांनी नवा खेळ खेळून बघितला. एकजात सगळ्यांचं एकच म्हणणं — फार सोपा! "आंधळ्यानेही मैदानाबाहेर मारावा." "माझी आजी जिंकेल." "पिचर बिचारा रडत घरी जाईल." मी खालमानेने ऐकत होते.

म्हणजे सगळ्यांना लागतोय. मला एकटीलाच लागत नाही.

नंतर मॅडमनी थांबवून घेतलं. हळूच विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुझी?" म्हटलं, झोप होत नाही हल्ली. अगदीच खोटं नव्हतं ते. पण त्यांना खरं कळलं तर? तिरपा काटा कोण ठेवतं तराजूला! मला दुसरं येतं तरी काय?

बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१३ मार्च

भीती वाटते. बाकी काही नाही लिहायला.

१५ मार्च

तपासणीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली. पुढच्या आठवड्यात. फोनवरची बाई म्हणाली, "सोबत कुणाला तरी घेऊन या." कुणाला नेऊ? ताईला नेता येत नाही. तिला कळवून घ्यायचं नाही आणि माझा चेहरा म्हणजे उघडं दुकान. मला झालाय हे बघूनच तिचा धीर जाईल. आपलं नाणं कुठल्या अंगावर पडणार याचाच विचार करत बसेल.

एकटीच जाईन.

१७ मार्च

हात शिवशिवताहेत, अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे!

आज चाचणीच्या खोलीत मी एकटीच मोठ्या टीव्हीसमोर बसून चुकत होते. पंचकाका आले. त्यांनी कधी खेळ हातात धरलेला नाही. "मी पंच आहे, खेळाडू नव्हे," हे ठरलेलं वाक्य. मागे हाताची घडी घालून उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक चेंडू गेला. दुसरा गेला. एकदम ओरडले, "थांब! पुन्हा टाक!"

पुन्हा टाकला. काका चक्रावले.

"अगं, ठप् आधी होतंय!"

मला काही कळेना. तर म्हणाले, पहिल्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या पहिल्या थांब्यावर, उभा असलेला पंच चेंडू बघतच नाही. डोळे धावणाऱ्याच्या पायावर, कान चेंडूवर. पाय आधी टेकला की हातमोज्यात ठप् आधी झालं, एवढ्यावर निकाल. "उभा जन्म हेच केलं मी. तुझ्या या टीव्हीवर ठप् ऐकू येतं आणि चेंडू मागाहून टंगळमंगळ करत पोचतो! हा टीव्ही खोटारडा आहे!"

मागच्या महिन्यात आला हा टीव्ही. चित्र देखणं करून दाखवायची काहीतरी सोय आहे त्यात. ते नटवण्यात चित्राला उशीर होतो. आवाज वेगळ्या स्पीकरमधून येतो, त्यामुळे तो वेळेवर. बाकी सगळे आपापल्या टेबलावर खेळतात. या टीव्हीवर मी एकटीच! म्हणजे मी बरोबर दाबत होते, पण शिळ्या चेंडूवर.

ती सोय बंद केली. चेंडू आला. दाबलं. गेला मैदानाबाहेर! दुसरा. गेला! तिसरा. माझा हात, माझाच आहे हा हात! मी ओक्साबोक्शी रडायला लागले. काका घाबरले. "अगं, टीव्ही आहे तो! बदलून देतील!"

१८ मार्च

खिडकी पुन्हा होती तिथे आणली. मॅडम खूश, काका त्याहून खूश. "खरेपणाचा विजय!" करत सगळ्या टेबलांवरून फिरून आले. मॅडमनी मात्र लहान पोरांसाठी वेगळी, सताड उघडी खिडकी ठेवायला लावली. तिसरी-चौथीतली पोरं आज खेळून गेली. एकजण तोंडात बिस्कीट धरून मारत होता, तरी लागत होते.

डॉक्टरांची वेळ रद्द केली. माहीत आहे, टीव्ही खोटा निघाला म्हणून रक्त खरं-खोटं ठरत नाही. माझं नाणं अजून हवेतच आहे. असू दे. तिथेच राहू दे. आज मी पोटभर जेवले.

१९ मार्च

ताईला फोन करून उद्या जेवायला बोलावलं. म्हटलं, एक गंमत सांगायचीय, समोर बसवूनच सांगेन. "लग्न ठरवलंस?" नाही गं बाई! "मग एवढी का खिदळतेस?"

किती दिवसांनी खिदळले मी.

२० मार्च

ताईला सगळं सांगितलं. रागावली, जवळ घेतलं, मग दोघी पोट धरून हसलो. "बघू तुझा तो खेळ," म्हणाली. घरातला टीव्ही माझा जुनाच, चित्र आणि आवाज एकदम येतात. लहान पोरांची खिडकी लावून दिली. पहिला हुकला. दुसरा हुकला. तिसरा, चौथा. उडती माशी हाताने धरायची माझी ताई. चेंडू जाऊन बसतो, मग तिचा अंगठा हलतो. मी कान देऊन ऐकत राहिले. ठप् वेळेवरच होत होतं.

"फार अवघड आहे गं तुझा खेळ!"

"हो ताई," म्हटलं. "फारच अवघड झालाय. उद्या सोपा करते."