मेथीचं पाणी आणि चतुर्थीचा चंद्र

३ नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर वाढलेलीच. डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि दुसरी गोळी लिहून दिली. "ये शुगर नीचे लाएगी. खाना टाइम पर. स्किप बिल्कुल नहीं." मी मान हलवली. आठवीला विज्ञान शिकवते, मान हलवणाऱ्यांना चांगली ओळखते.

घरी आले ती सरळ बाथरूममध्ये. एक डोळा झाकून टाइल्सवरची फुलं पाहिली, मग दुसरा झाकून. दोन्हींना दिसली. आईचं असंच झालं. आधी एक गोळी, मग दोन, मग इन्सुलिन, मग डोळे. शेवटी शेवटी साताऱ्याला गेले की माझं मनगट चाचपून म्हणायची, "बारीक झालीस गं." मला भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे. फार भीती वाटते.

यांना सांगितलं. म्हणाले, "काही होत नाही, आमच्या सेक्शनमध्ये अर्ध्या लोकांना आहे." धीर द्यायची सरकारी पद्धत.

५ नोव्हेंबर, बुधवार

समोरच्या क्वार्टरमधल्या बत्राभाभी मूठभर मेथीदाणे कागदात बांधून देऊन गेल्या. "रात को भिगो दो, सुबह पानी पी लो, दाने चबा लो. मेरे जेठजी की शुगर आधी हो गई." आधी किती होती ते मी विचारलं नाही. मेथी आमच्याही डब्यात आहे, पण लोणच्यापलीकडे तिच्याशी माझा संबंध नव्हता.

सकाळी प्यायले. कडूजहर. दाणे बुळबुळीत. पण बरं वाटलं. गोळी घेताना आई आठवते, मेथी चावताना नाही आठवत.

८ नोव्हेंबर, शनिवार. संकष्टी

साबुदाणा बंद, बटाटा बंद, रताळं बंद. डॉक्टरबाईंनी उपासाचं ताट झाडूनपुसून नेलं. उरलं वाटीभर ताक.

ओंकार म्हणतो, "आई, सोड ना यार." कसं सोडू? मागच्या जानेवारीत गुडगावच्या ऑफिसातून येताना पोरगं धुक्यात बाईकसकट घसरलं. पायात रॉड घातला. तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात बसून बोलले होते, हा पुन्हा चालू दे, चतुर्थी कधी चुकवणार नाही. चालला. उजवा पाय जिना चढताना जरा जड पडतो, एवढंच. त्याने शब्द पाळला, आता मी पाळायचा. 'त्याने' म्हणजे गणपतीने.

मेथी उपासाला चालते का, ही शंका. पुण्याला नंदावहिनीला फोन केला. माझ्या भावाची बायको, या खात्यात तिचा शब्द शेवटचा. "मेथी नाही चालत गं. पण तू औषध म्हणून घेतेस ना? मग चालेल. औषधाला उपास नसतो." सुटले.

भिंतीवरचं कॅलेंडर चंद्रोदय मुंबईचा छापतं. हे दर वेळी म्हणतात, दिल्लीत आधी उगवतो. उगवू दे. आमच्याकडे वेळ पाहून जेवत नाहीत, चंद्र पाहून जेवतात. आई तशीच करायची. दिसला आज, मळकट नारिंगी. मग जेवले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उतरली! बोट टोचायचं मशीन आणलंय त्यावर सकाळची साखर चक्क माणसात आली. यांना दाखवली तर म्हणाले, "वा, बत्राभाभींना पद्मश्री द्या." मग इथल्या मराठी मंडळाच्या फोनवर. जानेवारीत पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला बस न्यायची आहे, नावं गोळा करतायत. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लोकांची काळजी वाहतात, घरातली बायको आहे तिथेच आहे.

संध्याकाळीही मेथी सुरू केली. भाजून पूड, गरम पाण्यातून. जितकी जास्त तितके डोळे लांब राहतील, असं काहीतरी मनात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

डिस्पेन्सरी. डॉक्टरबाई आकडे पाहून खूश. "दवाई सूट कर गई. और कुछ तो नहीं ले रहीं? कोई देसी दवा, चूर्ण?"

"नहीं."

खोटं नाही बोलले. मेथी काय औषध आहे? स्वयंपाकघरातली वस्तू. कोथिंबीर खाल्ली तर सांगू का त्यांना?

चतुर्थीचाही विषय निघाला नाही. उपास करता का, असं त्यांनी विचारलंच नाही.

३ डिसेंबर, बुधवार

आज वर्गात विचित्र झालं. मधल्या सुट्टीच्या आधीचा तास. फळ्यावर प्रकाशसंश्लेषण लिहीत होते आणि हात थांबला. पुढे काय येतं तेच सुचेना. मानेवर घाम, एवढ्या थंडीत. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅम, आर यू ओके?" स्वेटर काढला. डबा खाल्ला, बरी झाले.

स्वेटर जाड होता म्हणून असेल. पाळी जायच्या वयात असंही होतं म्हणतात. असेल.

डोळे मात्र झाकून पाहिले. फुलं दिसतात.

७ डिसेंबर, रविवार. संकष्टी

सकाळी दोन्ही गोळ्या घेतल्या, मेथीचं पाणी घेतलं, दाणे चावले. दूध नको वाटलं. बाहेर सगळं करडं. समोरची इमारत कुणीतरी अर्धवट पुसल्यासारखी. ओंकार मित्रांकडे मॅच बघायला द्वारकेला. मेट्रोने जा म्हटलं, बाईकनेच गेला.

दुपारी मोदक केले, नैवेद्यापुरते. गूळ घरभर दरवळतोय. हात कापतोय. थंडी आहे.

हे बसच्या यादीत. पोळी गरम करून दिली तर म्हणाले तू काय खाल्लंस, म्हटलं रात्री.

चिडचिड होतेय. भूक लागायची ती गेली. कॅलेंडरची वेळ झाली तरी खिडकीतून काही दिसत नाही. गच्चीवर जाते ताट घेऊन. ताटात मोदक, फुलं, ते हे, ज्यात वात लावतात ते, शब्द

९ डिसेंबर, मंगळवार

परवाचं वाचलं. शेवटच्या ओळी माझ्या वाटत नाहीत. पहिलीतल्या पोराने लिहिल्यात. निरांजन. निरांजन म्हणायचं होतं.

आठवतं ते असं. गच्चीवर कुणी नव्हतं. चंद्र कुठे असायला हवा ते माहीत होतं, तिकडे तोंड करून उभी राहिले. मग टाकीला टेकून बसले. ताट मांडीवर. मोदकांचा वास येत होता आणि तो वास कशाचा तेच कळत नव्हतं. कुणीतरी माझं नाव घेत होतं, हिंदीतून. बत्राभाभी दोरीवर राहिलेले कपडे काढायला आल्या होत्या. त्यांना वाटलं मी रडतेय. जवळ येऊन पाहिलं तर मी घामाने निथळतेय आणि काहीच्या बाही बोलतेय.

"मुँह खोलो!"

मी म्हटलं म्हणे, चाँद.

"चाँद गया भाड़ में, मुँह खोलो!"

नैवेद्याचा मोदक त्यांनी माझ्या तोंडात कोंबला. मग दुसरा. खाली हाका मारल्या. हे जिना धावत आले, पायात चप्पल नाही. मशीनवर एक्कावन्न. दोन मोदक पोटात गेल्यावर एक्कावन्न. त्याआधी किती होती कुणाला माहीत.

चंद्र निघाला होता का? हे म्हणतात केव्हाच. दिसला कुणालाच नाही.

मांडीवर गूळ घेऊन मी गुळावाचून मरायला निघाले होते. हे शाळेत सांगितलं तर पोरं हसतील.

१० डिसेंबर, बुधवार

डॉक्टरबाई ओरडल्या. आधी माझ्यावर, मग यांच्यावर. "व्रत में गोली? ऊपर से मेथी, दो टाइम? मैंने पूछा था ना आपसे!"

"वो तो किचन की चीज़ है, डॉक्टरसाहब."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाल्या की मेथी वाईट नाही, तीही साखर थोडी उतरवते, पण गोळी आधीच उतरवत होती, मला माहीत असतं तर गोळी तेवढी ठेवलीच नसती. आणि रिकाम्या पोटी ती गोळी म्हणजे… वाक्य पुरं केलं नाही. आता दुसरी गोळी अर्धी. मेथी सकाळी एक चमचा, तीही आकडे लिहून ठेवायच्या अटीवर. उपास बंद. "ये मैं रिक्वेस्ट नहीं कर रही."

रिक्षात कळलं मला काय केलं ते. नंदावहिनीला आणि गणपतीला सांगितलं, मेथी औषध आहे. डॉक्टरबाईंना सांगितलं, औषध नाही. दोन्हीकडे पास झाले.

हे रिक्षात हात धरून बसले होते. बसच्या यादीवाला माणूस, हात गार पडला होता.

१५ डिसेंबर, सोमवार

पूर्वी एक भीती होती, साखर चढायची. आता दोन आहेत. जरा हात कापू लागला की बोट टोचते. ठीक असते. मग कापतो का? भीतीने. भीतीने कापतो की साखरेने, हे आतून कळत नाही, दोन्ही अगदी सारखं. पर्समध्ये, उशीखाली, स्टाफरूमच्या खणात खडीसाखर. डोळ्यांसाठी जिला घाबरायचं, तिलाच खिशात घेऊन फिरते.

आणि तिसरी भीती, ती कुणाला सांगितली नाही. चतुर्थी मोडली. चंद्राआधी मोदक खाल्ला. मुद्दाम नाही, पण मोडली. ओंकार रोज त्याच रस्त्याने जातो.

२१ डिसेंबर, रविवार

सांगितली. ती तिसरी भीती, ओंकारला. राहवलं नाही.

ओंकार आधी हसला. मग नाही हसला. म्हणाला, "म्हणजे तू गच्चीवर पडलीस ती माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही रे. तुझ्यासाठी."

"सेम थिंग, आई."

खूप वेळ मोबाइल उलटासुलटा करत बसला. मग म्हणाला, "डील. तू उपास सोड, मी फॉगमध्ये बाईक सोडतो. मेट्रो. प्रॉमिस."

"देवाला बोललेय मी."

"मग देवाला सांग, मीही बोललोय."

वकील व्हायचा हा. कबूल केलं. हेल्मेट दाराजवळच्या खुंटीला अडकवलं त्याने, माझ्यासमोर. नंदावहिनीला फोन केला तर ती रडलीच. म्हणाली, "मी कशाला सांगितलं गं चालेल म्हणून." तिला समजावता समजावता मलाच जरा बरं वाटलं.

३० डिसेंबर, मंगळवार

हेल्मेट खुंटीवर. येता-जाता बघते. एक चमचा मेथी, अर्धी गोळी, वेळेवर पोळी. आकडे बरे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात नंबर लागलाय, हे येणार आहेत बरोबर, रजा टाकली. मी म्हटलं पानिपतची बस? म्हणाले, "ते लोक थांबतील. कुठे जाणारेत."

६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी

आज अंगारकी, आणि इथल्या बायकांची सकट चौथही. मुलांसाठी धरतात. अख्ख्या ब्लॉकमध्ये आया उपाशी. बत्राभाभी सकाळी तिळकूट देऊन गेल्या, दरडावून, "तुम खाओगी. तुम्हारा व्रत मैं रख रही हूँ, अपने वाले के साथ." असं चालतं का ते वहिनीला विचारलं नाही.

दुपारी वरणभात जेवले. पहिला घास परत ताटात ठेवला. दुसरा गेला. गणपतीकडे पाहिलं नाही.

हात धुऊन बाहेरच्या खोलीत आले तर खुंटी रिकामी.

कधी नेलं? सकाळी मी मशीन घेऊन बसले होते, तो "चलो आई" म्हणून गेला, मी वर पाहिलं नाही. मेसेज केला. उत्तर आलं, "मेट्रोला लेट झाला असता, मीटिंग होती. सॉरी सॉरी. हळू येईन." चिडून काही लिहिलं नाही. चालवताना वाचेल.

संध्याकाळी धुकं उतरलं. समोरची इमारत नाही. रस्त्यावरचे दिवे नाहीत, त्यांच्या जागी पिवळे डाग. निघालो म्हणून मेसेज आला त्याला खूप वेळ झाला. आता फोन लागत नाही. हे दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, मफलर काढला नाही.

बोट टोचलं. साखर ठीक आहे. अगदी ठीक. हात थरथरतोय.

हे म्हणाले, "तू जेवलीस म्हणून काही होत नसतं." बरोबर आहे. मी विज्ञान शिकवते. मला माहीत आहे. पण मी जेवले.

उद्याची मेथी भिजवून ठेवली. कुठलंतरी काम करायला हवं म्हणून.

वर गच्चीवर गलका झाला. बत्राभाभींचा आवाज, "दिख गया! दिख गया!" धुक्यात कसा दिसला कुणास ठाऊक. हे म्हणाले, चल वर. मी नाही गेले. दार उघडं ठेवून इथे बसलेय, लिहितेय.

खाली जिन्याचं दार वाजलं. कुणीतरी चढतंय. तीन मजल्यांतलं कुणीही असू शकतं. ओंकारचा उजवा पाय जड पडतो. मी पावलं ऐकतेय.