दुपारनंतरचं ट्यूनिंग

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असेल, नसल्यास सवडीने कळव. तुझी स्कूटर ट्यूनिंगला तुझ्या ऑफिसच्या टेम्पोतून येणार हे बाबांना सांगितलं. लेकीची गाडी येणार म्हणून त्यांनी मागचं अंगण स्वतः झाडून काढलं. मी इतकी वर्षं याच घरात राहतो, पण माझ्यासाठी कोणी अंगण झाडल्याचं स्मरणात नाही. असो.

रविवारचा आपला घरगुती कारखाना अजून चालू आहे. लहानपणी बाबांच्या हातात पाना द्यायचो म्हणून तुम्ही माझं नाव पाना ठेवलंत. आता बढती झाली आहे, कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलमध्ये धुतो. आमची ही प्लग घासते. मग बाबा स्टुलावर बसतात, डोळे मिटतात आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन गाडी ऐकतात. गल्लीतल्या निम्म्या स्कूटर त्यांच्याच हाताखालून जातात. घेत काही नाहीत. मालकाने वा बाबा, वा, म्हटलं की भरून पावले.

आता गंमत ऐक. बाबांचे कान गेलेत. पार नाही, पण गाडीचं बारीक बोलणं त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्या मते या घरातली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात आणि हल्लीच्या गाड्यांचा आवाजच मेला दबका. मग ते स्लोचा स्क्रू आवळत जातात. गाडी उभ्या जागी बोंबलायला लागली की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. गेल्या वर्षी समोरच्या शिंप्याने अशी बोंबलणारी गाडी गिअरमध्ये टाकली, तर ती त्याला घेऊन थेट फाटकावर. फाटक वाचलं, गुडघा नाही वाचला.

तेव्हापासून एक व्यवस्था केली आहे. सकाळी बाबा गाडीचं ट्यूनिंग लावून देतात, मालक वा वा करून घेऊन जातो. दुपारी बाबा जेवून आडवे झाले की तोच मालक तीच गाडी ढकलत मागच्या दाराने हजर, आणि ही सगळं पुन्हा नीट लावून देते. हिचा कान तिखट आहे. हे मी नवरा या नात्याने सोसून सांगतो. गल्लीत याला आता दुपारनंतरचं ट्यूनिंगच म्हणतात. ऑफिसात सांगितलं तर लोक पोट धरून हसले.

ही म्हणते की बाबांना सरळ सांगून टाका. मी म्हणतो, म्हाताऱ्या माणसाचा तेवढा एक आनंद, तो कशाला हिरावायचा?

लोभ आहे तसा चालू ठेव, आणि उत्तर टाकशील ते माझ्या नावाने टाक.

तुझा,
पाना

९ फेब्रुवारी

चि. पाना यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. यांचा खोकला आता कमी आहे, काळजी नसावी. तू गंमत ऐक म्हणालास म्हणून मी हसायच्या तयारीने बसले, पण हसू काही आलं नाही. माझाच एखादा स्क्रू ढिला असेल.

म्हाताऱ्या माणसाचा आनंद वगैरे जे लिहिलं आहेस ते पुन्हा वाचलं. हा आनंद तू आधी गल्लीत वाटलास, मग ऑफिसात वाटलास, आता टपालाने मला पाठवलास. एकटे बाबाच तेवढे राहिले. अरे, डोळ्यांना चष्मा लागला तेव्हा आपण गल्ली गोळा केली होती का? कानाचे डॉक्टर मिळतात, कानाला लावायचं यंत्र मिळतं. फक्त सांगणारं तोंड हवं, आणि ते तर देवाने तुला गरजेपेक्षा मोठं दिलं आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस, पण बाबांना वाईट वाटेल म्हणून तू गप्प नाहीस. त्यांच्यासमोर बसून ते बोलताना तुला कसंसंच होईल, म्हणून गप्प आहेस. तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी तुला ओळखते.

गाडी येत्या टेम्पोने पाठवते. दोन गोष्टी कर. बाबांनी तिला हात लावायच्या आधी त्यांना कानाचं सांग. आणि मग त्यांना हवी तशी लावू दे. बोंबलणारी आली तर मी बोंबलणारी चालवीन. दुपारी तिला कोणी हात लावायचा नाही, तुझ्या हिनेही नाही. तिला सांग की तिचं बरोबर होतं, आणि एवढा धीर धरल्याबद्दल माझ्याकडून शाबासकी.

मायेत कमी नाही, म्हणूनच लिहिते.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गाडी सुखरूप पोचली. पुढचं लिहायला हात चालत नाही, तरी लिहितो.

सांगायला गेलो होतो, खोटं नाही. शनिवारी संध्याकाळी बाबा तुझ्या गाडीचं मडगार्ड पुसत होते. शेजारी बसलो आणि म्हटलं की बाबा, तुमच्या कानांबद्दल जरा बोलायचं होतं. आवाज माझा मलाच ऐकू आला नसेल. बाबा म्हणाले, काय? असलं वाक्य एकदा म्हणायलाच छाती लागते, तेच पुन्हा चढ्या आवाजात कुठून म्हणणार? मी म्हटलं, चहा टाकू का. ते म्हणाले, टाक. टाकला. माझं सांगणं एवढंच झालं.

रविवारी त्यांनी तुझी गाडी लावली. फार मन लावून लावली. ती बोंबलत होती आणि बाबा खुशीत होते. ही माझ्याकडे बघत होती, मी कार्ब्युरेटरकडे.

दुपारी ते आडवे झाले. तुझी ताकीद लक्षात होती, पण तुझ्या घरापुढचा उतार आणि शिंप्याचा गुडघा दोन्ही डोळ्यांसमोर आले. हिला म्हटलं, तेवढी ताईची लावून टाक. ती नको म्हणत होती. मीच गळ घातली. बाकीची मंडळी गाड्या घेऊन आलीच होती: शिंपी, औषधवाला, औषधवाल्याचा मेहुणा. आणि माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. चार माणसं समोर दिसली की मला राहवत नाही.

मी बाबांच्या स्टुलावर बसलो. डोळे मिटले, मान कलती केली, कानामागे हात धरला आणि त्यांच्या सुरात म्हणालो की हां, आता कशी पोरगी गायला लागली. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं नाही, तेही इथेच कबूल करतो. गल्लीची तशी फर्माईशच असते. हशा पिकला, आणि एकदम थांबला. डोळे उघडले तर बाबा समोर. हातात तुझ्या सीटसाठी आणलेलं नवं कव्हर.

दुसरा कोणी असता तर हसणं ऐकून दारातच खाकरला असता. त्यांना ऐकूच आलं नाही, म्हणून ते थेट आमच्यात येऊन उभे राहिले. माझा हात कानामागेच राहिला होता. खाली घ्यायचा असतो हे सुचलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हिच्या हातातल्या आपल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं. मग रांगेतल्या गाड्यांवरून नजर फिरवली. सगळ्या सकाळच्याच. कव्हर सीटवर ठेवलं, सुरकुती होती ती हाताने सरळ केली आणि आत गेले. औषधवाला हळूच म्हणाला की त्यांच्या लक्षात आलं नसेल. त्याला म्हटलं, कान गेलेत रे, डोळे नाही.

संध्याकाळी त्यांनी हत्यारं पुसून पेटी हिच्या हवाली केली. ओल लागू देऊ नकोस, एवढंच म्हणाले. ही पेटी घेऊन स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिला यात ओढलं ते मीच. माझ्याशी बाबा अगदी नेहमीसारखं बोलतात. पेपर आला का, पाणी तापलं का. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ही बोलतच नाही. त्यामानाने ते सोपं जातं.

अंगणात ते पाऊल ठेवत नाहीत. काय करू ते लिही. लोभ आटला असेल तर समजू शकतो.

तुझा,
पाना

२४ फेब्रुवारी

चि. पाना यास,
आशीर्वाद.

बाबांचंही पत्र आलं. तुला सांगू नको असं त्यात कुठे नाही, म्हणून कळवते.

लिहितात की हल्ली आपल्याला कमी ऐकू येतं असं रविवारी समजलं, गल्लीला ते आधीपासून ठाऊक होतं. गाडी सूनबाईंनी लावली आहे तेव्हा निर्धास्त चालव. मग विचारतात की शिंप्याचा गुडघा आपल्यामुळे गेला का. आणखी कोणाला कुठे लागलं का, कोणी सांगायचं राहिलं आहे का. मी इथे इतक्या लांब बसलेली, आणि शिंप्याचा गुडघा मला विचारतात! का, तेही लिहिलं आहे. घरात विचारलं तर उत्तर मिळेल, म्हणतात, पण ते सकाळचं उत्तर की दुपारनंतरचं, हे कळायला आता मार्ग नाही.

पाना, यावर मी तुला काय शिव्या घालू? माझा शब्दसाठा संपला. तू इतकी वर्षं बरोबर राहून त्यांचा कान घालवला नाहीस, तो वयाने गेला. विश्वास मात्र तू घालवलास.

आता चहा टाकू नकोस. पायावर लोळण घेऊ नकोस, तुझ्यातला नट त्यातही रंगेल. कानाचं यंत्र आणून मुकाट्याने पुढ्यातही ठेवू नकोस. तोही न बोलण्याचाच एक प्रकार. आधी सांग. सगळं सांग, गुडघ्यासकट. आणि ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा सांग. गल्ली ऐकेल म्हणून भिऊ नकोस, गल्लीला तूच सांगितलेलं आहे.

त्यांना अंगणात परत आणणं तुझ्या हातात आहे की नाही, मला माहीत नाही. खरं बोलणं तेवढं आहे.

मी रागावले आहे, पण तुझीच,
ताई

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं.

रविवारी सकाळी बाबांना अंगणात चला म्हटलं. आले, पण परक्याच्या घरी यावं तसे आले. स्टुलावर बसले नाहीत, भिंतीला धरून उभे राहिले. गल्ली आपापल्या दारात होती. मी सुरुवात केली, बाबा म्हणाले, काय? पुन्हा म्हटलं, पुन्हा काय? मग मी ओरडलो. ताई, मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. ज्या माणसाने आपल्यावर कधी आवाज चढवला नाही, त्याच्यावर ओरडून सांगायचं की तुम्हाला ऐकू येत नाही. तुम्ही लावलेल्या गाड्या आम्ही दर रविवारी तुमच्या पाठीमागे परत खोलत होतो. शिंप्याचा गुडघा त्यातच गेला, बाकी कोणाला लागलं नाही. आणि मी तुमची नक्कल करून लोकांना हसवत होतो. हे शेवटचं त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं अशी मला शंका आहे.

ते आधी शिंप्याकडे गेले. त्याच्यासमोर हात जोडले आणि म्हणाले की माझ्या हातून झालं, माफ कर. सगळ्यांत मोठ्याने हसणारा तोच. धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं. नको नको बाबा, म्हणत तो गुडघा लपवायला लागला.

मग माझ्याकडे वळून म्हणाले की नक्कल करून दाखव.

मला वाटलं, टोमणा आहे. नव्हता. वाट बघत उभे राहिले. मी स्टुलावर बसलो, डोळे मिटले, मान कलती केली, कानामागे हात धरला. पोरगी गायला लागली हे काही तोंडातून फुटेना. कोणी हसलं नाही. बाबा जवळ आले आणि काजळी धरलेला प्लग निरखावा तसं मला निरखलं. मग माझा हात धरून खाली घेतला आणि दुसऱ्या बाजूला, डाव्या कानामागे नेऊन ठेवला. म्हणाले की उजवा तर नोकरीत, कारखान्यात पत्रे ठोकतानाच गेला होता, तू शाळेत होतास तेव्हा. सगळ्या गाड्या मी डाव्यानेच लावल्या.

मला उठवून ते स्टुलावर बसले. हिला हाक मारली, पेटी आणायला सांगितली. तुझ्या गाडीचे स्क्रू त्यांनी सैल केले आणि पहिल्यापासून लावले. फिरवत होते ते, ऐकत होती ही. तिने बोट वर केलं की थांबायचे. गाडी अगदी मऊ चालते आहे. मी पुढे झालो तर मला हाताने दूर केलं, रागाने नाही, मध्ये आलेली खुर्ची सरकवावी तसं. पाना तिनेच दिला.

गाडी उद्याच्या टेम्पोने निघेल. डॉक्टरांकडे ते जाणार आहेत, हिच्याबरोबर.

ताई, एक खरं सांग. बाबांचा चांगला कान कोणता, हे तुला माहीत होतं का? मी जन्मभर त्यांच्या शेजारी बसलो, त्यांची नक्कल करून वाहवा मिळवली, आणि चुकीच्या कानामागे हात धरत होतो.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मागायचा हक्क आहे म्हणून नाही.

तुझा,
धाकटा