चौकट उभी राहीपर्यंत

आबा, आज माझ्या घराला पुढच्या अंगाला काचेचं दार बसलं आणि सकाळपासून मला तुमचा संताप येतोय. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत. लिहायला मी उशिरा शिकले, अक्षर वाकडं आहे, पण तुमच्यासमोर जे बोलायची छाती नव्हती ते आता लिहिते.

उमापूरच्या आपल्या घरातली पुढची खोली भरदिवसाही अंधारी. माझी आत्या, तुमची थोरली बहीण, ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेली. त्या खोलीत बसून ती घरादाराच्या गोधड्या शिवायची आणि सुई ओवायला मला हाक मारायची. तुम्ही बीडला गेलात, जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या तालुकदारसाहेबांच्या बंगल्याला दोन फळ्यांचं, वरपासून खालपर्यंत काचा लावलेलं दार पाहून आलात आणि पायावर पाणी घ्यायच्या आधी म्हणालात, "अक्का, तसलंच दार करतो बग. तुला बसल्या जागी उजेड." त्या दिवशी आत्यानं मला न मागता गुळाचा खडा दिला.

जालन्याच्या स्टेशनावरून काचा पेटीत, भुशात घालून बैलगाडीनं आल्या. शहागडला गोदावरी उतरताना गड्यांनी पेटी डोक्यावर घेतली. मग कळलं की तालुकदारसाहेब दौऱ्यावर आपल्या गावी येणार आहेत, आणि त्यांना दार दाखवायचं म्हणून तुम्ही सुतारामागं घाई लावली. दारासाठी फोडलेल्या भिंतीत नव्यानं घातलेली माती अजून ओली होती. ओल्या भिंतीत चौकट बसवू नये हे तुम्हाला कुणी शिकवायला हवं होतं? जन्म मातीत गेला तुमचा.

चौकट उभी करायच्या सकाळी आईनं पूजेचं ताट केलं, हळदकुंकू, नारळ, आंब्याचा डहाळा. आत्याही न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून आली. तुम्ही तिला अंगणातच अडवलंत.

"अक्का, तू जरा गोठ्यात बस. चौकट उबी राहूस्तोर."

"बस्ते की. त्यात काय."

आणि ती गेली. जिच्या उजेडासाठी दार, तिलाच गोठ्यात बसवलंत, कारण विधवेची सावली नव्या चौकटीवर पडू नये. तिला करमेना म्हणून मी तिच्या शेजारी जाऊन बसले. नारळ फुटल्याचा आवाज आम्ही दोघींनी तिथूनच ऐकला.

थोड्याच दिवसांत भिंत दबली, चौकट कलली आणि साहेब यायच्या आदल्या दिवशी दार ओढून लावताना तुमच्याच हातून एक काच उभी तडकली. तेव्हा गड्यांदेखत तुम्ही आत्यावर ओरडलात, "नको म्हनलं व्हतं तरी डोकावलीस. तुझीच सावली पडली."

"म्या गोठ्यातच व्हते रे. पोरीला इचार."

पोर तिथंच उभी होती, आबा. तुम्ही विचारलं नाहीत. मातीची ओल तुमच्या घाईची आणि बोल तिला. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या दिवसानंतर आत्या पुढच्या खोलीत बसली नाही. बाजूच्या कोठीत, कणग्यांच्या आड गोधड्या शिवत राहिली, डोळे जाईपर्यंत. नव्या दारातून ऊन यायचं ते तिच्या रिकाम्या जागेवर, आणि तुम्ही आल्यागेल्याला ते दार दाखवायचात. मी तुम्हाला हे माफ केलेलं नाही.

आता मीही विधवा आहे. लेकानं भिंत चांगली वाळू दिली, मगच चौकट आणली. सुनेनं ताट केलं. लेक म्हणाला, "आई कुटं हाय? पैलं कुंकू तिच्या हातचं." शोधत शोधत तो मागं आला, तर मी गोठ्यात बसलेली. मला कुणी जा म्हटलं नव्हतं.

त्यानं हाताला धरून मला पुढं आणलं. हे पत्र कुठं धाडायचं नाही. आत्याची एक गोधडी माझ्याकडं आहे, तिच्या घडीत राहील. लोकांना दिसलं ते एवढंच की म्हातारीनं चौकटीला कुंकू लावलं. तुम्हाला सांगते, आबा, बोट टेकवायच्या आधी मी खाली पाहिलं, माझी सावली कुठं पडलीय ते.